‘चेक’ : एका क्रियापदाचा तपास



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, ते आमचे सर या शाळेत इंग्रजी आणि अंकगणित असे दोन्ही विषय शिकवीत. त्यांच्या टेबलापाशी वही नेण्यापूर्वी ती आपण स्वतः एकदा पाहून घ्यावी, असा त्यांचा दंडक होता. आम्ही वही पुढे करीत असू आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असू, “सर, चेक केले.” त्यावर ते वही न उघडताच विचारीत, “काय शोधीत होतास?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नसे. आम्ही काहीच शोधलेले नसे; पानांवरून केवळ नजर फिरविलेली असे. मग ते म्हणत, “जा. आधी काय शोधायचे ते ठरव आणि मग ये.”

पुढे मीही इंग्रजीचा शिक्षक झालो आणि हेच वाक्य असंख्य मुलांच्या तोंडून ऐकले. आजच्या व्याख्यानासाठी विषय सुचवावा असे संयोजकांनी कळविले, तेव्हा सरांचा तो प्रश्न आठवला आणि एकाच शब्दाविषयी बोलावे असे ठरविले. तो शब्द ‘चेक’. अशा प्रसंगासाठी हा विषय फार लहान आहे, असे काहींना वाटेल. परंतु एखादा परका शब्द आपण घरात घेतो, तेव्हा त्याच्या गाठोड्यातले काय उतरवून घेतो आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे पाहणे उद्बोधक असते. ‘चेक’च्या बाबतीत आपण जे बाहेर ठेवले, त्याची किंमत आपल्याला मोजावी लागली आहे, असे माझे प्रांजळ मत आहे. ते मत मी शेवटी मांडीन. प्रथम शब्दाची ओळख करून घेऊ.

एक शब्द की पाच?

पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांत हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. सकाळी उठताच मुले मोबाइलवरचे निरोप ‘चेक’ करतात. वडील बँकेत ‘चेक’ भरतात. पत्रादेवीच्या बाजूने सीमेवर आले की ‘चेकपोस्ट’ लागते. मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली; तेव्हापासून गुरे चारणाऱ्यांच्या त्या पठारावर दिवसरात्र ‘चेक-इन’ चालू असते. डिचोलीच्या बाजारात शर्टाचे कापड घेताना आपण ‘चेक्स’चे दाखवा म्हणतो. आणि देवळाच्या सभामंडपात बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेला मुलगा मध्येच ओरडतो, “चेक!”

तपासणीचा चेक, पैशाचा चेक, नाक्यावरचा चेक, चौकड्यांचा चेक आणि बुद्धिबळातला चेक. हे पाच निरनिराळे शब्द योगायोगाने सारखे ऐकू येतात, असा सामान्यतः समज असतो. वस्तुतः ती एकाच घराण्यातली भावंडे आहेत, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष आपल्याला परका नाही. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने जाऊ.

इंग्रजीतील वापर

इंग्रजीत तपासण्याच्या क्रियेसाठी अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. ‘एक्झॅमिन’ म्हणजे एखाद्या निष्कर्षाप्रत येण्यासाठी बारकाईने, अंगप्रत्यंग पाहणे. डॉक्टर रोग्याला ‘एक्झॅमिन’ करतो; वकील साक्षीदाराला करतो, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाने केले की त्याला आपण ‘उलटतपासणी’ म्हणतो. ‘इन्स्पेक्ट’ या क्रियापदात अधिकार असतो. नेमलेला माणूस नियम पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी येतो. म्हणून शाळेला आणि कारखान्याला इन्स्पेक्टर असतो. ‘टेस्ट’ करताना नुसते पाहून भागत नाही, वस्तूला कसास लावावे लागते. ‘व्हेरिफाय’ म्हणजे आधी केलेले विधान खरे की खोटे याचा पडताळा घेणे. ‘इन्व्हेस्टिगेट’ या शब्दाच्या पोटात पावलाच्या ठशासाठी असलेला लॅटिन शब्द दडलेला आहे. शिकारी जसा ठशांवरून जनावराच्या मागावर जातो तसे जाणे, हा त्याचा मूळ अर्थ. आपणही ‘माग काढणे’ असेच म्हणतो, हे किती जवळचे आहे पाहा.

या मंडळींत ‘चेक’ सर्वांत साधा आणि सर्वांत घाईचा. गोष्ट बहुधा ठीकच असणार अशी अपेक्षा मनात असते; तरी एकदा खात्री करून घ्यावी, एवढाच हेतू असतो. तथापि या साध्या क्रियापदातही एक अट आहे. ‘चेक’ करायला नेहमी दोन गोष्टी लागतात: एक, जी पाहावयाची ती, आणि दुसरी, जिच्याशी ती ताडून पाहावयाची ती. यादी हाताशी नसेल तर सामान ‘चेक’ करता येत नाही. बरोबर उत्तर काय असावे याची कल्पना नसेल तर उदाहरण ‘चेक’ करता येत नाही.

ही दुसरी गोष्ट इंग्रजी भाषा छोट्या शब्दयोगींनी दाखविते. ‘चेक फॉर मिस्टेक्स’ म्हणजे चुका आहेत का ते पाहा. ‘चेक अगेन्स्ट द लिस्ट’ म्हणजे यादीशी ताडून पाहा. ‘चेक विथ द ऑफिस’ म्हणजे कचेरीत विचारून खात्री करा. ‘चेक ऑन द पेशंट’ म्हणजे रोग्याचे कसे काय चालले आहे ते पाहून या. आपण मराठीत ‘चेक करणे’ घेतले ते या सगळ्या शेपट्या कापून. त्यामुळे कशासाठी, कशाशी, कोणाकडे, हे प्रश्न गळून पडले आणि उरली ती नजर फिरविण्याची क्रिया. सरांचा “काय शोधीत होतास?” हा प्रश्न म्हणजे त्या गळलेल्या ‘फॉर’ची आठवण होती, हे मला शिक्षक झाल्यावर कळले.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ती ‘घेतो’. प्रमाण इंग्रजीत नेमके उलटे आहे: शिक्षक परीक्षा देतो, विद्यार्थी ती घेतो. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, पण ते मराठीचे भाषांतर आहे. यात कोणाची भाषा बरोबर आणि कोणाची चूक असा प्रश्न नाही. आपल्या भाषेने विद्यार्थ्याला देणाऱ्याच्या जागी बसविले. तो आपली विद्या गुरूपुढे ठेवतो. इंग्रजीने त्याला एक काम अंगावर घेणारा मानले. परकी भाषा शिकताना तिची बसण्याची पद्धत पाळावी, एवढेच.

आपली भांडवलाची पेटी

‘चेक’ घेण्यापूर्वी आपण काय वापरीत होतो? आपली पेटी चांगलीच भरलेली होती.

संस्कृतातील ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला ‘परि’ लागला की सभोवार पाहणे: परीक्षा. हाच शब्द प्राकृताच्या पायवाटेने चालत आला आणि ‘पारख’ झाला. म्हणजे शाळेतील परीक्षक आणि पेढीवरचा पारखी हे एकाच शब्दाचे दोन अवतार. ‘निरीक्षण’ आणि ‘निरखणे’ यांचेही तसेच नाते. ‘समीक्षा’ त्याच कुळातली. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ‘उपेक्षा’सुद्धा त्याच धातूपासून झाली आहे. परीक्षा आणि उपेक्षा यांत फरक फक्त उपसर्गाचा. इंग्रजीतही ‘ओव्हरसाइट’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: देखरेख आणि नजरचूक. पाहणारा आणि पाहून न पाहिल्यासारखे करणारा यांच्यातील अंतर भाषेलाही फारसे रुंद वाटलेले दिसत नाही.

‘कसोटी’ आली ती सोनाराच्या काळ्या दगडावरून. संस्कृतात तिला कषपट्टिका म्हणत. ‘छाननी’त गाळून घेण्याची क्रिया आहे; गाळ वर राहतो, पाणी खाली जाते. निवडणुकीच्या अर्जांची आपण छाननी करतो, ती याच अर्थाने. ज्याला आपण अस्सल मराठी समजतो तो ‘तपास’ मात्र मूळचा अरबी. फारसीच्या मार्गाने तो आपल्या दप्तरांत आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. तेव्हा परका शब्द घेण्यात कमीपणा आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही.

‘एक्झॅमिन’ या शब्दाची एक गोष्ट मला विशेष जवळची वाटते. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा एक अर्थ ‘तराजूचा काटा’ असा आहे. पोर्तुगीज अमदानीत शिकलेली आमची वडीलधारी माणसे परीक्षेला ‘एझाम’ म्हणत, तोही याच मुळाचा. डिचोलीच्या बाजारात माझ्या आजोबांचे लहानसे दुकान होते. सुटीत मी तेथे पुड्या बांधायला बसत असे. डाळ पारड्यात पडली की मी घाईने पुडी उचलायला जाई आणि आजोबा माझा हात धरीत. म्हणत, “काटो थारूं दी रे.” काटा स्थिर होऊ दे. लॅटिनचा गंध नसलेल्या माझ्या आजोबांनी मला ‘एक्झॅमिन’चा जो अर्थ शिकविला, तो पुढे कोणत्याही कोशात मला अधिक स्पष्टपणे सापडला नाही. पारड्यात घातले म्हणजे तोलले असे होत नाही. काटा थांबेपर्यंत थांबावे लागते.

ताळ्याची मर्यादा

सर अंकगणितात ताळा पाहायला शिकवीत. आजच्या मुलांच्या हाती गणकयंत्रे असल्यामुळे ही रीत विस्मृतीत जात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. आता अंकांची बेरीज करावी, एक अंक उरेपर्यंत. ४७ चे ४ आणि ७ मिळून ११, त्याचे २. २३ चे ५. दोन पाचे दहा, त्याचा १. उत्तर १०८१, त्याच्या अंकांची बेरीज १०, त्याचाही १. दोन्हीकडे १ आला, ताळा जुळला. चुकून ११८१ लिहिले असते तर बेरीज ११, म्हणजे २ आला असता आणि चूक पकडली गेली असती.

एकदा वर्गातील एका हुशार मुलाने १८०१ असे उत्तर लिहिले. त्याने ताळा पाहिला: १, ८, ० आणि १ मिळून १०, त्याचा १. ताळा जुळला! तो वही घेऊन ऐटीत उभा राहिला. सर हसले आणि म्हणाले, “ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. पण ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच, असे नाही.” अंकांची अदलाबदल या ताळ्याच्या जाळ्यातून सुटते. प्रत्येक तपासणीला अशी एक फट असते. ती कोठे आहे हे ठाऊक असणे हा तपासणाऱ्याच्या विद्येचा अर्धा भाग होय.

शब्दाचा मूळपुरुष

आता ‘चेक’च्या घराण्याकडे वळू. चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला. तेथे पटावरच्या राजाला ‘शाह’ म्हणत, आणि राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ असे बोलून प्रतिस्पर्ध्याला सावध करीत. खेळ अरबांकडे गेला, तेथून युरोपात पोचला. मध्ययुगीन लॅटिन आणि जुनी फ्रेंच या भाषांत ‘शाह’चा उच्चार बदलत गेला आणि इंग्रजीत तो ‘चेक’ होऊन बसला. म्हणजे इंग्रजांचा ‘चेक’ आणि बुद्धिबळ खेळताना आपण म्हणतो तो ‘शह’, हे एकच. ‘बादशहा’तील शहा तोच. इंग्रजांचे ‘चेकमेट’ म्हणजे आपली ‘शहमात’. पोर्तुगीजांनी तर खेळाचे नावच अरबांकडून घेतले: आपल्या ‘चतुरंग’चा अरबीत ‘शतरंज’ झाला आणि पोर्तुगीज भाषेत ‘शद्रेश’. भारतातून निघालेला शब्द जगप्रवास करून गोमंतकात परत आला आणि कोणी त्याला ओळखले नाही.

येथून भावंडांचा उलगडा होतो. बुद्धिबळाचा पट चौकड्यांचा, म्हणून चौकड्यांच्या कापडाला ‘चेक्स’. इंग्लंडच्या मध्ययुगीन राजांच्या खजिन्याचा हिशेब चौकड्यांच्या कापडाने झाकलेल्या मेजावर सोंगट्या मांडून होई, म्हणून त्या खात्याला ‘एक्स्चेकर’ हे नाव पडले. बँकेतील ‘चेक’ हे मुळात खोटेपणाला आळा घालण्याचे साधन होते: मागे राहणाऱ्या स्थळप्रतीशी ताडून पाहता यावे, ही त्यामागील योजना.

पण खरी महत्त्वाची गोष्ट क्रियापदाची. राजाला शह बसला की त्याची वाटचाल थांबते. म्हणून ‘चेक’चा पहिला अर्थ झाला थांबविणे, रोखणे, लगाम घालणे. ‘तपासून पाहणे’ हा अर्थ त्यातून कितीतरी नंतर निघाला. आजही इंग्रजीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘ही चेक्ड हिज अँगर’ याचा अर्थ त्याने राग तपासला असा होत नाही. त्याने राग आवरला असा होतो. आपल्या ओहोळांवर जो बंधारा घालतात त्याला इंग्रजीत ‘चेक डॅम’ म्हणतात. तो पाणी तपासत नाही, अडवितो. राज्यघटनांविषयी बोलताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, तेव्हा एका सत्तेने दुसरीला मर्यादेत ठेवणे अभिप्रेत असते. इंग्रजी माणसाच्या मनात पाहणे आणि थांबविणे हे एकाच शब्दात गुंफलेले आहे. जो ‘चेक’ करतो, तो वेळ पडल्यास थांबवील, हे त्यात गृहीत आहे.

आपण मात्र ‘चेक करणे’ घेतले ते केवळ पाहण्याच्या अर्थाने. ‘शह’ आपल्यापाशी आधीपासून होता. तो आपण राजकारणाला देऊन टाकला. शहकाटशह म्हटले की आपल्याला पक्षांतरे आठवतात. तपासणे एका खोलीत राहिले आणि रोखणे दुसऱ्या खोलीत, आणि मधले दार आपण लावून घेतले.

पेडण्याच्या लोकांना हे दार उघडे असण्याचा अनुभव जुना आहे. सीमेवरचा माणूस जाणतो की नाक्यावरची तपासणी म्हणजे आधी थांबविणे आणि मग पाहणे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीला सीमा ओलांडू लागले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि काहींनी तेथेच देह ठेवला. आज तेथे त्यांचे स्मारक उभे आहे. सत्तेने त्यांना अडविले, हे खरे. पण बुद्धिबळाच्या भाषेत बोलायचे तर शह त्यांनी दिला होता. पटावर प्यादेसुद्धा राजाला शह देऊ शकते, आणि शह बसला की राजाला दुसरी कोणतीही खेळी करता येत नाही. सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला.

माझी एक चूक

आता मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसऱ्या एका शाळेत होतो. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याची घाई होती. नववीतील एका मुलीच्या उत्तरपत्रिकेला शेवटी पुरवणी जोडलेली होती. तिची पाने मी उलटली, पण गुण दिले नाहीत. दिले असे समजून पुढे गेलो. बेरीज केली. तिला पाच गुण कमी पडले. नियमाप्रमाणे नापासांच्या उत्तरपत्रिका पुन्हा एकदा पाहावयाच्या होत्या. मी बेरीज पुन्हा केली, ती जुळली, आणि कोपऱ्यात ‘तपासले’ असे लिहून सही केली. ताळा जुळला होता. पुरवणी मात्र फटीतून निसटली होती.

जून महिन्यात ती मुलगी शाळेत आली नाही. घरची गरिबी, त्यात नापास. तिला कामाला लावण्यात आले होते. पुढे दिवाळीच्या सुटीत जुने गठ्ठे बांधताना ती उत्तरपत्रिका माझ्या हाती आली आणि कोऱ्या समासाची पुरवणी दिसली. मी तेथेच बसून गुण दिले. ती चांगल्या रीतीने उत्तीर्ण होत होती. मी मुख्याध्यापकांना सांगितले, तिच्या घरी गेलो, तिच्या वडिलांसमोर चूक कबूल केली. ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत परत आली आणि शिकली. पण तिचे एक वर्ष गेले, ते माझ्या एका सहीमुळे गेले.

मी पाहिले नव्हते असे नाही. दोनदा पाहिले होते. परंतु काय शोधायचे हे न ठरविता पाहिले होते, आणि थांबण्याची माझी तयारी नव्हती. निकालाची तारीख जवळ आली होती. “तपासले” हा शब्द मी लिहिला तेव्हा तो खोटा नव्हता, फक्त रिकामा होता.

डिचोलीची मात

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली की काय होते, ते डिचोली तालुक्याने पाहिले आहे. खाण हा आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या चुलीशी निगडित विषय आहे, म्हणून मी जपून बोलतो. लोहखनिजाच्या भरभराटीच्या काळात आपल्या रस्त्यांवरून ट्रकांची रांग तुटत नसे. वजनकाटे होते, चलने होती, नोंदवह्या होत्या, सह्या होत्या. तपासणीचा सगळा सरंजाम होता. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा आयोग नेमला. गोव्याविषयीचा त्याचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेसमोर आला. कायद्यानुसार व्हावयास हवी होती ती खाणींची पाहणी झालीच नाही, असा गंभीर ठपका त्यात होता.

पुढचे आपण जाणता. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. नंतर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले आणि त्या मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाचा यात काय दोष होता? त्याने कोणतीही सही केलेली नव्हती. आणि ज्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरला, ज्याची विहीर आटली, त्याचा तरी काय दोष होता? त्या दोघांना आपण एकमेकांचे वैरी समजू लागलो. वस्तुतः दोघेही एकाच न झालेल्या तपासणीचे बळी होते.

बुद्धिबळात शह ही शिक्षा नव्हे. ती सूचना आहे. शह मिळाला की राजाला हलायला, आड मोहरे घालायला वाव असतो. डाव चालू राहतो. वेळच्या वेळी लहान लहान शह दिले गेले असते, एखादा ट्रक काट्यावर खरोखर अडविला गेला असता, एखादी सही नाकारली गेली असती, तर सगळ्या तालुक्यावर एकदम मात ओढवली नसती. आपण पाहिले, पण रोखले नाही. ‘चेक’ केले, शह दिला नाही.

सरांचा प्रश्न

या शाळेचे माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या खुर्च्यांवर बसलेले आहेत. कोणी बँकेत चेकवरची सही पाहतो, कोणी इस्पितळात रोग्याला तपासतो, कोणी पुलाच्या बांधकामाची पाहणी करतो, कोणी पंचायतीच्या हिशेबावर नजर ठेवतो, कोणी मोपाला प्रवाशांचे सामान तपासतो. आपण सगळेच दिवसातून कित्येकदा ‘तपासले’ असे लिहितो किंवा म्हणतो. त्या प्रत्येक वेळी तीन गोष्टी मनाशी स्पष्ट असाव्यात, एवढीच माझी विनंती आहे. मी काय शोधीत आहे? ते कशाशी ताडून पाहत आहे? आणि ते जुळले नाही तर थांबविण्याची माझी तयारी आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर पहिल्या दोहोंचा उपयोग नाही.

‘चेक’ हा शब्द मराठीने आणि कोकणीने घेतला, तो आता परत जाणार नाही, आणि जावा असेही मला वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच की तो घेतलाच आहे तर पुरता घ्यावा. त्यातला शह आपलाच आहे.

आमचे सर आता नाहीत. पण आजही एखादा कागद सहीसाठी पुढे आला की मला ते टेबल दिसते, न उघडलेली वही दिसते, आणि तो प्रश्न ऐकू येतो. मग मी लेखणी खाली ठेवतो आणि कागद पहिल्या पानापासून पुरवणीपर्यंत वाचतो.